उचलावं लागू नये म्हणून: दिव्यांग कलाकारांच्या कार्यक्रमात स्वयंसेवकाचं काम

व्हीलचेअरसकट माणसाला उचलून स्टेजवर नेणारी चार पोरं फोटोत छान दिसतात. पण उचलायची पाळी आली, म्हणजे आठवडाभर आधी कुणीतरी टेप लावून मोजायचं विसरलेलं असतं. खुर्चीतल्या माणसाला तेव्हा काय वाटतं ते त्यालाच विचारावं: चार अनोळखी हात, तिरकी झालेली खुर्ची आणि समोर तीनशे लोक. या कामात स्वयंसेवकाला ताकद थोडी लागते. टेप, फोन आणि वही जास्त लागते.

खालचा हिशेब २० ते २५ कलाकार आणि एक सकाळ एवढ्या कार्यक्रमाचा आहे. जागा बेळगाव शहरातलं मंगल कार्यालय असो, खानापूरकडच्या शाळेचं पटांगण असो, नाहीतर निपाणी-चिकोडीकडचं समाजमंदिर.

तारीख, वेळ आणि कलाकार

३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन, म्हणून सगळ्यांना तोच आठवडा हवा असतो. पण बेळगावात डिसेंबरात बहुतेक वेळा सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं. लॉज भरलेले, ठिकठिकाणी बंदोबस्त, मोर्च्यांमुळे रस्ते वळवलेले. निपाणीहून तीनचाकी स्कूटरवर येणाऱ्याला वळसा म्हणजे नुसता उशीर नसतो, तेवढा वेळ त्याला एकाच बैठकीत काढावा लागतो. तेव्हा अधिवेशनाची तारीख बघून एखादा रविवार अलीकडे-पलीकडे धरा. १ नोव्हेंबर टाळाच. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषिकांचा काळा दिन, आणि मधे अडकलेली आपली गाडी. जून ते सप्टेंबर खानापूर भागातल्या पावसात उघड्यावरचा कार्यक्रम कुणी धरतच नाही.

वेळ सकाळी साडेदहा ते दीड. संध्याकाळचा कार्यक्रम रंगतो खरा, पण कणकुंबी-जांबोटीकडच्या माणसाला परतीची गाडी मिळत नाही. शिवाय लाउडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहेच. पोलिसांची परवानगी दिवसाच्या कार्यक्रमालाही लागते, ती पंधरा दिवस आधी घ्या.

कलाकार शोधायला व्हॉट्सॲपवर पोस्टर फिरवलं की नेहमीचे तेच दहाजण येतात. कर्नाटकात ग्रामपंचायतीकडे दिव्यांगांसाठी पुनर्वसन कार्यकर्ता असतो. गावात त्याला ‘व्हीआरडब्ल्यू’ म्हणतात. तालुक्याला ‘एमआरडब्ल्यू’ असतो. कुठल्या वाडीत कोण पेटी वाजवतो, कोण पायाने चित्र काढतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. बरेचदा ते स्वतःच दिव्यांग असतात, त्यामुळे सल्लाही कामाचा मिळतो. फॉर्म मराठी आणि कन्नड दोन्हीत छापा. कन्नडमध्ये सरकारी कागदावर दिव्यांगांसाठी ‘विकलचेतन’ असा शब्द आहे. फॉर्मवर प्रमाणपत्राची टक्केवारी मागू नका, त्याचा गाण्याशी काय संबंध?

फोन

प्रत्येकाला एक फोन, निदान दहा दिवस आधी, आणि ज्याने फोन केला त्यानेच त्या दिवशी दारात उभं राहायचं. पहिल्या प्रश्नाला उत्तर ठरलेलं असतं: “काही नको, मी येतो की.” संकोच असतो. म्हणून ‘काही लागेल का’ असं न विचारता नेमकं विचारायचं.

“अण्णा, तिथं दोन पायऱ्या असल्या तर चालतील का?”

“चालतील. धरायला कठडा पाहिजे बघा. डाव्या हाताला.”

हे ‘डाव्या हाताला’ वहीत गेलं पाहिजे. उजव्या बाजूचा कठडा त्यांच्या काहीच कामाचा नाही, आणि हे कार्यक्रमाच्या दिवशी कळून उपयोग नसतो.

विचारायच्या गोष्टी एवढ्याच: येणार कशाने, खुर्चीवरून का कुबडीने, खुर्ची हाताची का बॅटरीची, सादर करताना बसणार कशावर, सोबत कोण, किती वेळ सलग बसवतं, आणि संडास-बाथरूमची काय सोय लागेल. शेवटचा प्रश्न बाईला बाईनेच विचारायचा. “अक्का, सकाळी घरातनं निघून दुपारपर्यंत इथं थांबायचंय, तर बाथरूमचं कसं करायचं सांगा” असं सरळ बोललं की अवघडलेपणा जातो. हा प्रश्न सुटला नाही तर काय होतं? बरेचजण आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत, आणि अकरा वाजता स्टेजच्या दिव्याखाली चक्कर येते. मग लोक म्हणतात, “उपाशी असतील.”

स्टेज खाली आणा

उताराचा नियम १ ला १२: एक फूट उंचीला बारा फूट लांब रॅम्प. भाड्याचं स्टेज साधारण ३ ते ४ फूट उंच येतं. चार फुटांना ४८ फूट रॅम्प लागेल, तेवढी जागा कुठल्याच कार्यालयात नसते. म्हणून मंडपवाला सहा फुटांची फळी टाकतो आणि म्हणतो, “झाला की रॅम्प.” अशा फळीवर खुर्ची चढवताना पुढची चाकं उचलली जातात आणि माणूस मागे कलंडतो.

उपाय एकच: स्टेज एक फुटाचं मागा, फार तर दीड. एक फुटाला १२ फूट, दीडला १८ फूट, हे जमतं. “चार फुटांशिवाय उठून दिसत नाही,” असं मंडपवाला म्हणणारच. मागचा पडदा उंच घ्या, पुढच्या दोन रांगा सतरंजीवर बसवा, खुर्च्या त्यामागे. दिसतं सगळं. शाळेचं पक्कं स्टेज उंच असेल तर ते सोडून द्या आणि खाली पटांगणातच तीन बाजूंनी प्रेक्षक बसवा.

बारा फुटी रॅम्पला १८ मिलिमीटरचा, ८ बाय ४ चा प्लायवूड दीड शीट लागतो. म्हणजे रुंदी चार फूट मिळते. खाली दर दीड फुटाला आडवं लाकूड हवं, आणि दोन शीटचा जोड लाकडावरच आला पाहिजे. जोड मधे लोंबता राहिला तर चाकाखाली दबतो आणि तिथेच खुर्ची अडते. दोन्ही कडांना तीन-चार इंचांची उभी पट्टी ठोका, म्हणजे चाक बाहेर जात नाही. कठडा दोन्ही बाजूंना, अडीच ते तीन फुटांवर. वर आणि खाली ५ बाय ५ फूट सपाट जागा, कारण खुर्चीला वळायला तेवढीच लागते.

आता बारीक वाटणारी पण सगळ्यात जास्त घात करणारी गोष्ट. रॅम्पचं खालचं टोक. प्लायची जाडी तिथे पाऊण इंचाची पायरी करते. पुढचं छोटं चाक त्या कडेला आपटतं, खुर्ची जागीच थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. कड सुताराकडून तासून घ्या किंवा पातळ पत्रा वाकवून त्यावर ठोका. पृष्ठभागाला दोन दिवस आधी ऑइलपेंट मारून ओल्यावरच बारीक वाळू भुरभुरा. कुबडीचा रबरी बूट गुळगुळीत प्लायवर, त्यात दव पडलेलं असेल तर, सरकतोच. वडगाव-येळ्ळूरकडच्या काळ्या मातीत रॅम्पचे पाय विटांवर किंवा फरशीवर ठेवा, नाहीतर वजन पडल्यावर एक बाजू खचते. शेवटी परीक्षा: तीन धडधाकट कार्यकर्ते एकदम मधोमध उभे करा. बॅटरीची खुर्ची माणसासकट दोनशे किलोच्या घरात जाऊ शकते.

स्टेजवर गालिचा नको. लाल मॅटशिवाय कार्यक्रम होत नाही असा आपल्याकडे समज आहे, पण मॅटची घडी चाकात अडकते आणि कॅलिपरचं (पायाला बांधायच्या आधाराचं) टोक तिच्यात गुंततं. घालायचीच असेल तर ताणून, चारी कडांना दोन इंची कापडी टेप मारून. स्टेजच्या पुढच्या कडेला पांढरी टेप आणि तीन इंची उभी पट्टी, कारण व्हीलचेअरवर नाचणाऱ्याचं लक्ष प्रेक्षकांकडे असतं. सहाजणांचा व्हीलचेअर नाच असेल तर प्रत्येकाला पाच फुटांचं वर्तुळ धरा: १५ बाय १० फूट नुसती वळायची जागा, म्हणजे २० बाय १६ च्या खाली जाऊ नका.

प्लास्टिकच्या खुर्च्या कलाकारांसाठी बाद करा. पोलिओ झालेला माणूस उठताना एका हातावर सगळा भार देतो, आणि टाइल्सवर त्या खुर्चीचे पाय फाकतात. हात असलेल्या जड लाकडी किंवा लोखंडी चार खुर्च्या पुरतात.

संडास

दाराची मोकळी रुंदी मोजा. व्हीलचेअरची रुंदी २५ ते २७ इंच, आणि कार्यालयातल्या संडासाचं दार कित्येक ठिकाणी दोन फुटांचं. दार मोजलं नाही म्हणून माणूस उंबऱ्यापाशी अडकल्याचे प्रकार सर्रास होतात. अशा वेळी दोन वाटा: जवळची एखादी मोठी खोली रिकामी करून तिथे भाड्याने आणलेली कमोड खुर्ची ठेवायची, किंवा मंडपवाल्याकडून ७ बाय ७ चा पत्र्याचा आडोसा करून घ्यायचा. बादली, मग, झाकणाची कचरापेटी, हातमोजे, आतून लागणारी कडी. ओली फरशी पुसायला एक माणूस कायम, आणि त्याच्याकडे दुसरं काम नको. किल्ली वॉचमनच्या खिशात असता कामा नये.

कुणाला कुठलं काम

वीस-पंचवीस कलाकारांना चोवीस-सव्वीस स्वयंसेवक पुरतात, त्यात निदान निम्म्या बायका. दहा-बाराजण कलाकारांसोबत, एका स्वयंसेवकाकडे दोन कलाकार. स्टेजच्या दोन्ही विंगांत दोन-दोन. गाड्यांकडे दोन, नोंदणीला दोन, संडासाकडे एक बाई आणि एक पुरुष, खाण्याकडे दोन, साउंडवाल्याजवळ एक, प्रथमोपचाराला एक. निवेदक वेगळा, तो मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारा हवा. बाकीच्यांना एकच सूचना: मोकळे असाल तर बसून कार्यक्रम बघा, विंगेत गर्दी करू नका.

शिकवायला दोन तास पुरतात, पण व्हीलचेअर आणूनच शिकवा. प्रत्येकाने आधी स्वतः खुर्चीत बसून रॅम्पवरून खाली यायचं, तेही दुसऱ्याच्या हाती. मागून ढकलणारा बोलतोय की गप्प आहे याने किती फरक पडतो, ते एका फेरीत कळतं.

हात लावण्यापूर्वी विचारायचं. “अण्णा, ढकलू का?” “मावशी, हात देऊ का?” कुबडीवाल्याचा दंड धरायचा नाही, धरला की त्याचा तोल जातो. आपला हात पुढे करायचा, तो हवा तसा धरेल. रॅम्प चढताना खुर्चीचं तोंड वर, उतरताना उतार तीव्र वाटला तर पाठ खालच्या बाजूला करून सावकाश. थांबलं की दोन्ही ब्रेक. खुर्चीतून उतरताना आधी ब्रेक, मग पायठेवण्या वर. घाईत पायठेवणीवरच पाय देऊन उठायला गेलं तर खुर्ची पुढे उलटते. बॅटरीची खुर्ची ढकलायची असेल तर आधी बंद करून क्लच सोडवायचा. हे कसं करायचं ते खुर्चीच्या मालकालाच माहीत असतं.

आणि नाइलाजाने एक-दोन पायऱ्या आल्याच, तर चढताना पाठ पायऱ्यांकडे करून मागच्या मोठ्या चाकांवर ओढत न्यायची. उतरताना तोंड पुढे, खुर्ची मागे कलती ठेवून एकेक पायरी. पकडायचं फक्त पक्क्या सांगाड्याला. हातठेवण्या आणि पायठेवण्या निघून येतात, आणि त्याच धरायला सोयीच्या दिसतात. हुकूम एकानेच द्यायचा. स्नायूंचा आजार असलेल्या माणसाला काखेत हात घालून तर कधीच उचलू नका, खांदा निखळू शकतो.

आवाज आणि प्रकाश

साउंडवाल्याला आदल्या दिवशी सांगायच्या गोष्टी: बसून गाणाऱ्यासाठी वाकणारा माइक स्टँड, तोंडाची उंची साधारण साडेतीन फूट. हात न वापरणाऱ्यासाठी कॉलरचा माइक. सगळी केबल स्टेजच्या मागून. एक जरी वायर आडवी गेली तरी पुढचं चाक त्यावर अडकतं. टेबलावर काही करायचं असेल तर टेबलाखाली २८ इंच मोकळी जागा हवी, म्हणजे गुडघे आत जातात. एका हाताने पेटी वाजवणाऱ्याचा भाता कोण हलवणार हे सरावातच ठरवा, आणि तोच माणूस कार्यक्रमाला ठेवा.

कागदाचे धमाके, धूर, अचानक सुरू होणारा ढोल नको. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर पुरता ताबा नसणं) असलेल्या कलाकाराचं अंग मोठ्या आवाजाने एकदम ताठ होतं, मग बोटं पुन्हा सैल व्हायला वेळ लागतो. डिसेंबरातल्या सकाळच्या गारठ्यातही तेच होतं. ग्रीन रूममध्ये ऊन येत असेल ती बाजू त्यांना द्या. बॅटरीच्या खुर्चीसाठी एक प्लग मोकळा ठेवा. तिथे कुणाचा तरी मोबाइल लागलेला असतोच.

त्या दिवशी

तीनचाकी स्कूटर आणि गाड्या दारापासून शंभर फुटांच्या आत, प्रत्येक गाडीला बारा फूट रुंदी. चुन्याने आखून घ्या, नाहीतर पाहुण्यांच्या गाड्या तिथे लागतात. आल्या आल्या कुबडी, काठी, व्हीलचेअर प्रत्येकीवर नावाची टेप चिकटवा. ग्रीन रूममध्ये दहा कुबड्या एकसारख्या दिसतात आणि उंची मात्र प्रत्येकीची वेगळी.

कुबडीचा आणखी एक नियम, हा विंगेतल्या चौघांनी पाठच करावा. कलाकार बसला की कुबडी त्याच्या हाताच्या अंतरावर राहिली पाहिजे. नीटनेटकेपणाच्या हौसेने कुणीतरी ती कोपऱ्यात नेऊन उभी करतं. गाणं संपतं, टाळ्या होतात, आणि माणूस उठू शकत नाही. तो इकडेतिकडे बघतो, निवेदक पुढचं नाव घेतो. आख्ख्या गाण्याची शोभा त्या अर्ध्या मिनिटात जाते.

वेळेचा हिशेब सात मिनिटांचा धरा: चार मिनिटं सादरीकरण, तीन मिनिटं येणं-जाणं. वीस प्रवेशांना १४० मिनिटं होतात. त्या तीन मिनिटांत निवेदकाने बोलायचं, “लवकर लवकर” म्हणायचं नाही. लांबून आलेले आणि जास्त वेळ बसवत नाही असे आधी, शहरातले शेवटी. एकसारखी मांडणी लागणारे प्रवेश एकापाठोपाठ. पाहुण्यांचे सत्कार दहा मिनिटांत, आणि शेवटी. आपल्याकडे शाल-श्रीफळ सकाळी सुरू होतं ते दीड तास चालतं. मणक्याला इजा झालेल्या माणसाला अर्ध्या तासाने अंगाखालचा भार हलवावा लागतो, नाहीतर जखम होते आणि महिनोन्महिने भरत नाही. हे सत्कार करणाऱ्यांना आधी स्पष्ट सांगायचं.

निवेदकाच्या कागदावर फक्त नाव, गाव आणि काय सादर होणार. “नियतीने पाय हिरावले, पण...” हे वाक्य दिसलं की खोडायचं. त्या माणसाने भीमपलास म्हणायला घेतलाय, आपण भीमपलासच म्हणायचं. अडखळत बोलणाऱ्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणं हा २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे नकला करणाऱ्या हौशी पाहुण्यांच्या कानावर घालून ठेवलेलं बरं.

बक्षिसाचा प्रश्न इथे येणारच. भजनात, नाटकात शंभर-दोनशेची नोट देऊन माइकवर नाव घ्यायची आपली रीत आहे आणि ती वाईट नाही. पण इथे दोन-तीन नोटांनंतर तिची भीक व्हायला वेळ लागत नाही. फोनवरच कलाकारांना विचारा. बहुतेकांची पसंती एकच पेटी ठेवून शेवटी सारखं वाटण्याला असते. फोटोचंही तसंच: आधी विचारून, मुलांच्या बाबतीत आईबापांना विचारून. आणि खुर्चीतून उतरतानाचे, उचलतानाचे फोटो कुणीच काढायचे नाहीत.

खायला उप्पीट किंवा शिरा खोल वाटीत, चमच्यासकट. कागदी बशी एका हाताने धरून खाता येत नाही. चहा अर्धा कप आणि कान असलेला. स्ट्रॉ ठेवा. कुंद्याचे पुडे घरी न्यायला द्यायचे तर पिशवीत घालून, खुर्चीच्या मागे अडकवता येतील असे.

अचानक काही झालं तर

मानेला किंवा छातीच्या वरच्या भागात मणक्याला इजा झालेल्या माणसाचं डोकं एकाएकी ठणकायला लागलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर रक्तदाब वाढतोय असं समजा. आडवं करू नका, ताठ बसवूनच ठेवा. पट्टा, घट्ट कपडे सैल करा. लघवीची नळी मुरगळलीय का, पिशवी भरलीय का, हे त्याला किंवा सोबत्याला विचारून बघा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. लगेच उतरलं नाही तर १०८.

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी, घड्याळ बघा. कांदा, चप्पल काही हुंगवायचं नाही, तोंडात चमचा घालायचा नाही. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर १०८. खुर्चीसाठी सायकलचा पंप, पंक्चरचं सामान, दहा आणि तेरा नंबरचा पाना, ॲलन की, चिकटपट्टी एवढी पिशवी विंगेत असू द्या.

संपल्यावर

मंडपवाल्याला रॅम्प सगळ्यात शेवटी काढायला सांगा. तो नेमका आधी रॅम्पलाच हात घालतो, कारण तेच प्लाय त्याला पुढच्या मांडवाला हवे असतात, आणि वर दोन कलाकार अजून फोटो काढत असतात. बसने जाणाऱ्याबरोबर स्वयंसेवकाने स्टँडपर्यंत जाऊन गाडीत बसवून यायचं. संध्याकाळी सातला ज्याने आधी फोन केला होता त्यानेच पुन्हा करायचा: पोचलात का, काही राहिलं का, काय अडचण आली. अडचणीचं उत्तर दुसऱ्या दिवशी जास्त मोकळं मिळतं, तेव्हा तोही फोन करा. दाराची रुंदी, पायऱ्यांची संख्या, रॅम्पची लांबी आणि कुणाला कठडा कुठल्या हाताला लागतो, हे सगळं एका पानावर उतरवून कार्यालयाच्या व्यवस्थापकाकडे आणि व्हीआरडब्ल्यूकडे एकेक प्रत द्या.